मीनावहिनींचा आवाज कोणी जपायचा?

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित होणाऱ्या ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमात प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी अशी तीनच माणसे बोलत, आणि तरीही ज्यांनी तो वर्षानुवर्षे ऐकला त्यांना ते घर आपल्या शेजारचेच वाटे. प्रभाकरपंत म्हणजे प्रभाकर जोशी, टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर आणि मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. पुढे संगीतकार यशवंत देव यांच्याशी विवाह झाल्यावर नीलमताई करुणा देव या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. रंगभूमीवरही त्यांनी कामे केली, परंतु महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते मुख्यतः आवाजावरून. त्यांचा चेहरा कधीही न पाहिलेल्या घरांतून त्यांच्या हसण्याची, रुसण्याची आणि नवऱ्याचे म्हणणे अर्ध्यावर तोडण्याची नेमकी ढब लोकांना पाठ होती.

इतक्या मोठ्या श्रोतृवर्गासमोर इतकी वर्षे काम केलेल्या अभिनेत्रीचे ते काम आज एखाद्या नाट्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला सलग, तारीखवार आणि हक्काने ऐकायचे असेल, तर तशी सोय आपण उभी केलेली नाही. आठवणी सांगणारे लोक आहेत, गौरवाचे शब्द आहेत, पण अभ्यास आठवणींवर होत नाही. नभोनाट्यात, म्हणजे रेडिओवरील नाटकात, काम केलेल्या कलावंतांचे ध्वनिमुद्रण हा सार्वजनिक ठेवा आहे. त्याची सूची करणे, तो जतन करणे आणि लोकांसाठी खुला करणे हे सार्वजनिक प्रसारण संस्थेचे कर्तव्य आहे, आणि ते सवडीने करण्याजोगे काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सार्वजनिक’ हा शब्द मी येथे हिशोबाच्या अर्थाने वापरतो आहे. मुंबईचे पहिले नियमित नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे होते. ती कंपनी तीन वर्षांतच बुडाली, सरकारने तो कारभार हाती घेतला आणि १९३६ साली त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. तेव्हापासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरात रेडिओ ठेवायचा तर त्याचा परवाना काढावा लागे आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. ते परवान्याचे पुस्तक, त्यावरची तिकिटे आणि मुदत उलटून गेली की होणारी वडिलांची धावपळ अनेकांना आठवत असेल. म्हणजे मीनावहिनींचा प्रत्येक संवाद श्रोत्यांनी पैसे मोजून ऐकलेला आहे. त्या ध्वनिमुद्रणावर श्रोत्यांचा हक्क आहे असे म्हणणे ही भावुकता नाही.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या आवाजाचे स्थान कोठे आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची परंपरा बालगंधर्वांच्या काळात शिगेला पोहोचली होती. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगमंचावर आल्या होत्या, पण पांढरपेशा घरातील स्त्रीने पुरुषांबरोबर नाटकात उभे राहणे हा १९३३ सालीही धाडसाचा विषय होता. त्या वर्षी ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि ज्योत्स्ना भोळे व पद्माबाई वर्तक यांनी त्यात भूमिका केल्या, ही घटना आपण आजही मराठी नाटकाचे वळण म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. त्याच दशकात मात्र दुसरीकडे एक दार उघडत होते, आणि त्याची नोंद नाटकाच्या इतिहासात फारशी ठळकपणे होत नाही. मायक्रोफोनसमोर उभ्या राहणाऱ्या स्त्रीला प्रेक्षकांची नजर सोसावी लागत नव्हती. नाटकाच्या दौऱ्यांसाठी महिनोन्‌महिने घर सोडावे लागत नव्हते, रात्री उशिरा थिएटरातून परतावे लागत नव्हते, आणि सरकारी इमारतीत जाऊन करायचे काम म्हणून घरच्यांचा विरोधही काहीसा सौम्य होत असे. ज्यांना रंगमंच बंद होता अशा कितीतरी मुलींना अभिनयाचा पहिला अनुभव स्टुडिओच्या जाड दारामागे मिळाला.

हे दार सगळ्यांसाठी सारखे उघडे होते असे मात्र नाही. १९४६च्या सुमारास सरदार पटेल माहिती व नभोवाणी खाते सांभाळत असताना, ज्यांचे खासगी आयुष्य ‘सार्वजनिक चर्चेचा विषय’ आहे अशा कलावंतांना नभोवाणीवरून दूर ठेवण्याचे धोरण आले, आणि त्याचा सर्वाधिक फटका कलावंतिणींच्या घराण्यातून आलेल्या गायिकांना बसला. नभोवाणीने एका वर्गातील स्त्रियांना प्रतिष्ठेचे व्यासपीठ दिले आणि दुसऱ्या वर्गातील स्त्रियांकडून ते काढून घेतले. या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाचा भाग आहेत, आणि कोणता आवाज आत आला व कोणता बाहेर राहिला हे तपासायचे असेल तर त्यासाठीही आधी आवाज आणि नोंदी हाताशी असाव्या लागतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नभोनाट्यातील अभिनय म्हणजे रंगमंचावरील अभिनयातून शरीर वजा केले की जे उरते ते, असा एक समज आहे, आणि या कलेची उपेक्षा होण्याचे ते एक मोठे कारण आहे. प्रत्यक्षात ती वेगळी विद्या आहे. रंगमंचावरच्या नटीला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. पूर्वी ध्वनिवर्धक बेताचेच असत, त्यामुळे छातीतून आवाज काढण्याची सवय अंगवळणी पडलेली असे. तीच सवय मायक्रोफोनसमोर घातक ठरते. तेथे ऐकणारा माणूस हातभर अंतरावर आहे, बहुधा एकटा आहे, स्वयंपाक करता करता किंवा दाढी करता करता ऐकतो आहे. त्याच्याशी ओरडून बोलता येत नाही. श्वास कोठे घ्यायचा हे सुद्धा संवादाइतकेच ठरवावे लागते, कारण मायक्रोफोन श्वासही ऐकवतो. जुन्या स्टुडिओंत दोन बाजूंनी आवाज टिपणारे रिबन मायक्रोफोन असत आणि दोन नट त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभे राहत. पात्र खोलीत शिरते आहे हे दाखवायचे तर नटाने बोलत बोलत बाजूने मायक्रोफोनजवळ यायचे, स्वयंपाकघरातून ओ द्यायची तर तोंड फिरवून मागे सरायचे. एक पाऊल चुकले तरी श्रोत्याच्या मनातले घर विस्कटते. हातातली संहिता टाचलेली नसते, पाने सुटी असतात, आणि एखादे पान खाली जाताना सळसळले तर तो आवाज मुंबईपासून कोकणापर्यंत ऐकू जातो.

मीनावहिनींच्या भूमिकेत ही सगळी तयारी दिसत नसे, आणि यातच त्या कलावंताचे मोठेपण होते. घरगुती प्रश्न असो वा सार्वजनिक, तो नवरा-बायकोच्या बोलण्यात आणायचा आणि टेकाडे भावजींनी येऊन त्याला फाटा फोडायचा, अशी त्या कार्यक्रमाची साधी मांडणी होती. प्रसंग रोजचे, शब्द रोजचे. असे लेखन वाचून दाखवले तर ते चटकन रूक्ष होते, कारण त्यात नाट्य कमी आणि माहिती जास्त असण्याचा धोका असतो. ते बोलून दाखवणे वेगळे. दोन वाक्यांच्या मधली किंचित थबक, ‘बरं बाई’ म्हणताना आवाजात येणारी हार आणि तिच्याच पोटात लपलेला हट्ट, पाहुण्याचे स्वागत करतानाच नवऱ्याला दिलेली ताकीद, या गोष्टी कागदावर नसतात. त्या नटीला आणाव्या लागतात, आणि चेहरा, साडी, पदर, हातवारे यांपैकी कशाचाही आधार नसताना आणाव्या लागतात. कुडतरकरांचा आवाज भारदस्त आणि मिश्किल, जोशींचा संयत; त्या दोघांच्या मधे नीलम प्रभूंचा आवाज त्या घराला उंबरठा आणि चूल देत असे, असे मला वाटते.

मायक्रोफोनची ही शिस्त रंगभूमीलाही उपयोगी पडली, याचे एक उदाहरण सर्वांना माहीत आहे. भक्ती बर्वे मुंबई आकाशवाणीवर निवेदिका होत्या, दूरदर्शनवर त्यांनी बातम्या दिल्या, आणि १९७५ साली ‘ती फुलराणी’मधील मंजुळा त्यांनी उभी केली. ती भूमिकाच उच्चारांची आहे. अशुद्ध म्हटल्या जाणाऱ्या बोलीपासून तथाकथित शुद्ध भाषेपर्यंतचा प्रवास श्रोत्याला पायरी पायरीने ऐकू येणे हे त्या नाटकाचे मर्म आहे, आणि शब्दाचा प्रत्येक कण वेगळा ऐकण्याची सवय असलेल्या नटीच्या वाट्याला ते आले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

मग हे सारे ध्वनिमुद्रण गेले कोठे? सुरुवातीच्या काळात नाटके थेट प्रसारित होत; दिवा लागला की सुरुवात आणि दिवा विझला की शेवट, मागे काही उरत नसे. चुंबकीय टेप आल्यावर आधी मुद्रण करून मग प्रसारण करणे सोपे झाले, परंतु टेप महाग होती. कार्यक्रम वाजवून झाला की तीच टेप पुसून पुढच्या मुद्रणासाठी घेण्याची रीत जगभरच्या केंद्रांत होती. मोठ्या रिळावर साधारण तासाभराचे मुद्रण मावे. रोज अनेक तास बोलणाऱ्या केंद्राला सगळी रिळे ठेवून देण्यासाठी जागा आणि पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाच्या अधिकाऱ्यांसमोर खरोखरच होता, आणि त्यांना आज खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. पण काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे ठरवताना एक उतरंड आपोआप तयार झाली. राष्ट्रीय नेत्यांची भाषणे वर, शास्त्रीय संगीत त्याखाली, गाजलेल्या संगीतमालिका त्याखाली, आणि स्त्रियांचे, मुलांचे, कामगारांचे व गावकऱ्यांचे रोजचे कार्यक्रम अगदी तळाशी. १९५५–५६ साली पुणे केंद्रावरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ आज पिढ्यान्‌पिढ्या ऐकले जाते, कारण त्याचे मोल त्याच क्षणी ओळखले गेले. मीनावहिनींच्या गप्पांचे मोल ओळखण्यासाठी भाषा बदलून जावी लागली.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. असे कार्यक्रम तात्कालिक होते, त्या त्या आठवड्याच्या प्रश्नांवर होते, त्यांत वाङ्मयीन मूल्य बेताचेच होते. सगळेच जपायचे ठरवले तर जपण्यालाच अर्थ राहणार नाही. मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याचे कारण भाषेत आहे. १९५० ते १९८० या काळातील मराठी स्त्री घरात कशी बोलत होती, हे आपल्याला कशावरून कळणार? कथा-कादंबऱ्यांतील संवाद लेखकाच्या लेखणीतून गाळून आलेले आहेत. चित्रपटांतील संवाद नाट्यमय आहेत. जुन्या पत्रांत बोली उतरते, पण सूर उतरत नाही. मुंबईच्या मध्यमवर्गीय वस्तीतले चढउतार, ‘अगंबाई’ आणि ‘इश्श’ यांचे खरेखुरे उच्चार, मोठ्यांशी आणि धाकट्यांशी बोलताना बदलणारा स्वर, हे सारे नभोवाणीच्या या दैनंदिन कार्यक्रमांत जितक्या मुबलकपणे मुद्रित झाले तितके अन्यत्र क्वचितच झाले असेल. ते अभिनयातून आलेले आहे हे खरे, पण ज्या श्रोत्यांना ते रोज खरे वाटत होते त्यांची कसोटी कठोर होती. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला यापेक्षा मोलाचे साधन आणखी काय हवे?

आणि टीका करायची असेल तरीही ते ऐकायला मिळाले पाहिजे. मीनावहिनी या पात्राची चौकट जुनी होती. बाई घरात, पुरुष कचेरीत, आणि नवी गोष्ट समजावून सांगायची ती बहुधा पुरुषाने, ही त्या काळच्या कौटुंबिक कार्यक्रमांची ठरलेली घडी होती. आजच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी तिची चिरफाड अवश्य करावी. मला तर असे वाटते की बारकाईने ऐकले तर, लिहिलेल्या ओळीत जिला दुय्यम ठेवले होते ती बाई नटीच्या सुरात पुष्कळदा वरचढ झालेली सापडेल. हे माझे अनुमान आहे, आणि ते खोडून काढायचे असेल तर त्यालाही रिळेच लागतील.

नाटकही तर विरून जाणारीच कला आहे, असे कोणी म्हणेल. तुलना पूर्ण बसत नाही. नाटकाची संहिता छापली जाते, प्रयोगाची छायाचित्रे निघतात, वर्तमानपत्रांत परीक्षणे येतात, नेपथ्याचे आराखडे राहतात. प्रत्यक्ष प्रयोग गेला तरी त्याच्याभोवतीचे बरेच काही उरते. नभोनाट्यातल्या नटीच्या मागे वेशभूषा राहत नाही, छायाचित्र राहत नाही, आणि तिच्या कामाचे परीक्षण लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जवळपास नव्हतीच. ध्वनिमुद्रण गेले की तिचे सर्वच गेले. चित्रपटांच्या बाबतीत आपण निदान १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन केले. तोवर मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रपट नष्ट झाले होते, तरी त्यानंतरचे पुष्कळ वाचले. आकाशवाणीचे दिल्लीत मध्यवर्ती संग्रहालय आहे, संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यातून प्रसिद्धही झाल्या आहेत, आणि २०२४च्या नोव्हेंबरात गोव्यात ‘वेव्हज’ हा प्रसारभारतीचा इंटरनेटवरील मंच सुरू झाला, याचे मी मनापासून स्वागत करतो. प्रश्न प्रादेशिक भाषांतील नाट्य आणि बोलीच्या कार्यक्रमांचा आहे. संगीताला घराण्यांचे वारस असतात, ग्राहक असतात, आग्रह धरणारे असतात. श्रुतिकेला, म्हणजे रेडिओवरच्या छोट्या नाटकाला, कोणी वारस नाही.

कायद्याची अडचण पुढे केली जाते, तिचा विचार थोडक्यात करता येतो. १९९४ साली कलावंतांचे हक्क कायद्यात आले, १९९९ साली त्यांची मुदत सादरीकरणानंतर ५० वर्षे झाली आणि २०१२च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापर झाल्यास मानधनाचा वाटा व श्रेय मिळण्याचा हक्कही दिला. त्याआधीच्या मुद्रणांविषयी वाद होऊ शकतो, पण अभ्यासासाठी ऐकू देणे आणि विक्रीसाठी बाजारात आणणे यांत फरक करता येतो. अभ्यासाला मोकळीक द्यावी, विक्री झाली तर कलावंताला किंवा त्याच्या वारसाला वाटा द्यावा. आकाशवाणीच्या ‘स्टाफ आर्टिस्ट’ मंडळींनी दशकानुदशके मुदतीच्या करारावर काम केले. सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना १९८०च्या दशकात मिळाला. बाहेरून बोलावले जाणारे कलावंत तर एका कार्यक्रमाच्या धनादेशावर समाधान मानीत. त्यांच्या आवाजातून उद्या पैसा मिळणार असेल, तर त्यांच्या घरी काही तरी पोचले पाहिजे. आवाजाची कृत्रिम नक्कल करणारी साधने आता घरोघरी आली आहेत आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली एका प्रसिद्ध गायकाच्या आवाजाला अशा नकलेपासून संरक्षणही दिले आहे. नीलम प्रभूंसारख्या कलावंतांच्या बाबतीत असे संरक्षण मागायचे तरी मूळ आवाज कोणता, हे दाखवता यावे लागेल.

कामाची सुरुवात रिळांपासून न करता कागदापासून करावी, असे मी सुचवीन. प्रत्येक केंद्रावर रोजच्या प्रसारणाच्या नोंदवह्या असत, बोलावलेल्या कलावंतांचे करारपत्र असे. नभोवाणीचे स्वतःचे नियतकालिकही होते: १९२७ पासून ‘इंडियन रेडिओ टाइम्स’, मग ‘इंडियन लिसनर’, आणि १९५८ पासून ‘आकाशवाणी’. त्यांत केंद्रांचे कार्यक्रम छापले जात. त्यांवरून कोणते नाटक कोणत्या दिवशी झाले आणि त्यात कोण होते, याची यादी तयार होऊ शकते. ती हाती आली की काय शोधायचे हे कळते. रिळांचा क्रम नंतर लावावा. जुन्या ॲसिटेट टेपला आंबूस वास येऊ लागला की ती थोडेच दिवस टिकणार असे समजतात, तेव्हा अशा टेपा आधी घ्याव्यात. आणि जे केंद्रात नसेल ते घरांत असू शकते. रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेले टू-इन-वन आल्यावर कित्येक श्रोत्यांनी आवडते कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेतले. बीबीसीने या शतकाच्या आरंभी श्रोत्यांना आवाहन करून हरवलेली ध्वनिमुद्रणे अशीच परत मिळवली होती. आपल्याकडे दादर, ठाणे, डोंबिवली, पुणे येथील माळ्यांवर काय पडून आहे ते विचारल्याशिवाय कसे कळणार?

या यादीत एक काळजी विशेष घ्यावी लागेल. केळेकरांच्या दुर्गा विवाहानंतर ज्योत्स्ना भोळे झाल्या. नीलम प्रभू पुढे करुणा देव झाल्या. नोंदवहीत एका वर्षी एक नाव आणि दुसऱ्या वर्षी दुसरे नाव आले की यंत्र त्यांना दोन माणसे समजते, आणि एका स्त्रीचे काम दोन अपुऱ्या रांगांत विभागले जाते. म्हणून प्रत्येक अभिनेत्रीसाठी एकच मुख्य नोंद असावी, तिच्याखाली तिची सारी नावे, सारी पात्रे आणि सारे दिनांक असावेत, आणि मीनावहिनी शोधणाऱ्याला नीलम प्रभू, तर नीलम प्रभू शोधणाऱ्याला करुणा देव सापडाव्यात.